वजनाच्या ऑपरेशननंतर पित्ताशयाची काळजी कशी घ्यायची

इंदूरमध्ये वजन कमी करण्याचं ऑपरेशन आता नवलाईचं राहिलेलं नाही. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या मराठी घरांतले लोक ते करून घेतातच, शिवाय खंडवा, बऱ्हाणपूर, थेट जळगाव-भुसावळहूनही माणसं त्यासाठी इथे येतात. मी आहारतज्ज्ञ आहे. ऑपरेशननंतर काय खायचं, किती खायचं हे सांगणं माझं काम. प्रोटीन, पाणी, गळणारे केस, सैल पडलेली कातडी याबद्दल सगळे भरभरून विचारतात. पित्ताशयाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात, वजन उतरल्याच्या आनंदात असताना, एखाद्या रात्री वरच्या पोटात अशी कळ येते की धड बसवत नाही की आडवं होववत नाही. घरात इनो दिला जातो, ओवा चावायला दिला जातो, पाठ चोळली जाते. तासा-दोन तासांनी कळ थांबते आणि ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून विषय मिटतो. पुढच्या खेपेला ती थांबेलच असं नाही.

ऑपरेशन ठरलेल्यांसाठी, झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं पुष्कळसं तिच्यावर अवलंबून आहे. तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय, स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं), रू-एन-वाय बायपास की मिनी बायपास (जठराचा लहान भाग वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडणं), हे तुम्हाला आणि घरातल्या किमान एका माणसाला तोंडपाठ हवं. पित्ताशयाचा त्रास सुरू झाला की कोणती तपासणी करायची, दुखणं थांबवायला काय द्यायचं, अडकलेला खडा कुठल्या वाटेने काढायचा, हे त्या एका उत्तरावरून ठरतं. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, वजनाचं’ एवढं सांगून भागत नाही.

खडे याच काळात का होतात

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. त्यातला काही पित्ताशयात साठतो, तिथे घट्ट होतो, आणि जेवणातलं तेल-तूप आतड्यात पोचलं की पित्ताशय आकसून तो बाहेर सोडतं. ऑपरेशननंतर दोन गोष्टी एकदमच घडतात. अंगावरची चरबी भराभर वितळते आणि तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतामार्गे पित्तात उतरतं. त्याच वेळी खाणं इतकं कमी झालेलं असतं, त्यात स्निग्ध पदार्थ इतके थोडे असतात, की पित्ताशयाला आकसायला कारणच मिळत नाही. कोलेस्टेरॉलने जड झालेलं पित्त तिथेच पडून राहतं. आधी गाळ बसतो, मग गाळाचे खडे होतात.

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर धोका वाढतो. पहिले सहा महिने सगळ्यात जोखमीचे. त्यानंतरही वजन स्थिर होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षं, लक्ष ठेवावं लागतं. काहीच उपाय केला नाही तर बायपासनंतरच्या सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या पित्ताशयात खडे दिसतात. त्यातल्या बहुतेकांना ते कधी जाणवतही नाहीत. बायकांना खडे जास्त होतात, गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणाने शक्यता आणखी वाढते. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका असं सर्जन सांगतात, तो सल्ला पित्ताशयाच्या दृष्टीनेही हिताचा आहे.

ऑपरेशनच्या आधी

पोटाची सोनोग्राफी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत बहुतेक ठिकाणी असतेच. तिचा कागद नीट वाचा आणि जपून ठेवा. पुढे खडा सापडला तर तो नवा की जुना, हे त्या कागदावरूनच कळणार आहे.

आधीच खडे असतील आणि त्यांनी कधी त्रासही दिला असेल, तर पित्ताशय वजनाच्या ऑपरेशनबरोबरच किंवा त्याच्या आधी काढायचा विचार होतो. खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, तर बरेच सर्जन पित्ताशयाला हात लावत नाहीत. आणि खडेच नसतील तर ‘पुढे होतील’ या भीतीने चांगलं पित्ताशय काढून टाकणं योग्य नाही. कुणी आपणहून ‘आत जातोच आहोत तर काढून टाकू’ म्हणालं, तर का, हे जरूर विचारा. बायपास करणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: ‘पुढे पित्ताच्या नळीत खडा अडकला तर तुमच्याकडे तो काढायची सोय काय आहे?’ हा प्रश्न का महत्त्वाचा, ते नळीतल्या खड्याबद्दल लिहिलंय तिथे कळेल.

सहा महिन्यांची गोळी

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड असं तिचं लांबलचक नाव. दुकानात उडिलिव्ह किंवा तत्सम नावांनी मिळते, बोलताना लोक नुसतं ‘अर्सो’ म्हणतात. ती पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करते, त्यामुळे खडा धरायला वाव राहत नाही. अमेरिकेत बायपास झालेल्या रुग्णांवरचा तिचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषध न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना खडे झाले, रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फक्त २ टक्के लोकांना. नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. त्यांत ज्यांना सुरुवातीला खडे नव्हते, त्यांच्यात त्रास देणाऱ्या खड्यांचं प्रमाण गोळीमुळे जवळपास निम्मं झालं. ज्यांना आधीच खडे होते त्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे ही गोळी खडा होऊ न देण्यासाठी आहे. झालेला मोठा किंवा चुना धरलेला खडा ती विरघळवेल अशी आशा धरू नका.

स्लीव्हनंतर सहसा दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि बायपासनंतर ३०० मिलिग्रॅम दोनदा, असा डोस सहा महिन्यांसाठी सांगितला जातो. तुमचा डोस तुमचे सर्जनच ठरवतील. डिस्चार्जच्या कागदावर ही गोळी नसेल आणि पित्ताशय जागेवर असेल, तर पहिल्याच तपासणीला विचारा: ‘डॉक्टर, मला अर्सो द्यायची नाही का?’ काही वेळा न देण्याचं कारण असतं, काही वेळा लिहायची राहून गेलेली असते.

गोळी चुकते ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी-१२ यांच्या गर्दीत हीच एक अशी, जी न घेतल्याने काही होताना दिसत नाही. शिवाय सुरुवातीला शौचाला पातळ होतं, म्हणून लोक ती मनानेच बंद करतात. जेवणासोबत घेतली तर त्रास कमी होतो. फार पातळ होत असेल तर डोस विभागून घेता येतो का ते विचारा. ॲसिडिटीसाठीच्या ज्या पातळ औषधांत ॲल्युमिनियम असतं, ती याच वेळी घेऊ नका, त्यांनी गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तास जाऊ द्या.

खाणं आणि उपवास

वजन कमी करायचंय म्हणून तेल-तूप पार बंद करणारे पुष्कळ भेटतात. पित्ताशयासाठी हे वाईट. ते रोज एकदा तरी नीट रिकामं व्हायला हवं, आणि त्यासाठी एका जेवणात साधारण ७ ते १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणजे चहाच्या चमच्याने दोन चमचे तेल किंवा तूप. पातळ आहाराचे पहिले आठवडे संपून मऊ जेवण सुरू झालं की मी दुपारच्या जेवणात हे बसवते: मऊ मुगाचं वरण, त्यावर चमचाभर तूप, सोबत चमचाभर तेलात परतलेलं पनीर किंवा अंड्याची भुर्जी. बायपासवाल्यांना सुरुवातीला एवढंही जड जाऊ शकतं, तेव्हा अर्ध्या चमच्याने सुरू करा. तूप एकाच वेळी वाटीभर नको. आपल्याकडचे दाल-बाफले म्हणजे तुपात बुडवून काढलेले गोळे, आणि थंडीत सराफ्यात मिळणारा गराडू, म्हणजे तळलेला कंद. हे पदार्थ पित्ताशयाला एकदम जोरात आकसायला लावतात. आत खडा असेल तर तो त्याच क्षणी तोंडाशी येऊन अडकतो. लग्नाच्या जेवणानंतर कळ येते ती यामुळेच. सकाळचे वाफेवरचे पोहे त्या मानाने सौम्य. वरून मूठभर शेव आणि बाजूला जलेबी घेतली नाहीत तर जिरावन मसाला भुरभुरवून चार चमचे पोहे खायला माझी हरकत नसते.

खरी अडचण उपवासांची. लांबलेला उपवास म्हणजे पित्त तितका वेळ साचून राहणं. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, आणि सगळ्यात कठीण ते हरतालिकेचं निर्जळ व्रत. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष हे उपवास करू नयेत असं माझं ठाम मत आहे. निर्जळ तर मुळीच नाही, कारण पाणी कमी पडलं की या लोकांचं अंग फार लवकर सुकतं.

तरी घरात हे सांगणं सोपं नसतं. एका बाईंसोबत त्यांच्या सासूबाई आल्या होत्या. सुनेच्या तब्येतीची त्यांना खरीच काळजी होती, पण मन अडत होतं. “मॅडम, लग्नापासून एकही हरतालिका मोडलेली नाही हो तिची,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, पूजा होऊ द्या, जागरणही होऊ द्या. फक्त दर दोन तासांनी दूध, ताक, काहीतरी पोटात जायला हवं, आणि पाणी तर चालूच राहायला हवं.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “पनीर चालतं ना उपासाला? मग मी देईन करून.” असा मार्ग बहुतेक घरांत निघतो. उपवास करायचाच असेल तर साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरू नका, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाही. दूध, दही, पनीर, भिजवलेले शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्या. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. रोजचं ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन उपवासाच्या दिवशीही चुकवायचं नाही.

कळ कशी ओळखायची

पित्ताशयाची कळ बहुधा उजव्या बरगडीखाली किंवा बरोबर मध्ये, छातीच्या हाडाखाली येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते. लोक ‘मुरडा येतो’ म्हणतात तशी ती येत-जात नसते. चढते, एका पातळीवर राहते आणि अर्ध्या तासापासून काही तासांनी उतरते. जेवणानंतर, विशेषतः रात्री येते. मळमळ, उलटी सोबत असते. कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन आराम पडत नाही. ॲसिडिटीत जळजळ असते, इथे दाब आणि आवळल्यासारखं दुखणं असतं. पण हा फरक घरी बसून शंभर टक्के करता येत नाही, कारण वजनाच्या ऑपरेशननंतर वरच्या पोटात दुखायची आणखीही कारणं असतात, आणि काही पित्ताशयापेक्षा घातक असतात.

बायपासवाल्यांनी दोन कारणं खास लक्षात ठेवावीत. एक म्हणजे जोडावरचा अल्सर. त्यात खाल्ल्या-खाल्ल्या जळतं-दुखतं, आणि तंबाखू, सिगरेट किंवा दुखण्याच्या गोळ्या हे त्याचं नेहमीचं मूळ असतं. दुसरं, आतड्याचं आतल्या आत अडकणं. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातली चरबी वजनाबरोबर उतरते, ऑपरेशनमध्ये राहिलेल्या फटी रुंदावतात आणि त्यांत आतडं शिरतं. हे दुखणं येऊन-जाऊन, पिळवटल्यासारखं, बरेचदा मध्ये किंवा डावीकडे असतं. मधल्या काळात माणूस ठणठणीत वाटतो, सीटी स्कॅनसुद्धा कधीकधी स्वच्छ येतो. सोनोग्राफीत खडे सापडले म्हणून दुखणं खड्यांचंच असेल असं धरून चालू नये. दुखण्याची जागा आणि पद्धत खड्यांशी जुळत नसेल तर आपल्या बेरिॲट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनला दाखवल्याशिवाय नुसतं पित्ताशय काढून घेऊ नका. जेवणानंतर घाम, धडधड, चक्कर, पातळ शौच असं होत असेल तर ते बहुधा गोड खाल्ल्यावरचं डम्पिंग. त्याचा खड्यांशी संबंध नाही. आणि चाळिशीपुढच्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या वरच्या पोटात दुखलं तर ईसीजी काढून घ्यायचाच.

पुढच्यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. थंडी वाजून ताप येणं. डोळे पिवळे दिसणं, लघवी गर्द चहासारखी आणि शौच पांढुरकं होणं. कळ चार-पाच तासांत न उतरणं. सतत उलट्या, पाणीही न टिकणं. वरच्या पोटातून थेट पाठीत घुसणारं, पुढे वाकून बसल्यावर जरासं कमी होणारं दुखणं, कारण त्यात स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. नाडी खूप जलद चालणं, दम लागणं, पोट टणक होणं. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही १०८ ला फोन लावला की ॲम्ब्युलन्स येते. इंदूरमध्ये एमवाय या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू असतो. ऑपरेशन जिथे झालं तिथे रात्रीची सोय असेल तर तिथेच जाणं केव्हाही चांगलं, त्यांच्याकडे तुमचे कागद असतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, मिरवणुकीमुळे शहराच्या मध्यात गाडी घालणं मुश्कील असतं. त्या दिवसांत दुखणं अंगावर काढत असाल तर मिरवणूक सुरू व्हायच्या आधीच दाखवून या.

पाकिटातला कागद

ड्युटीवरच्या डॉक्टरसमोर आपण दुखण्याने कळवळत असतो, सोबतचा माणूस घाबरलेला असतो. म्हणून एक छोटा कागद आधीच लिहून पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठवा. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, समोरचा मराठी वाचणारा असेलच असं नाही. वर ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, सर्जनचं नाव, फोन. खाली या तीन ओळी.

पहिली: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं देण्याआधी बेरिॲट्रिक सर्जनला विचारावं. पित्ताच्या कळेवर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सर्रास देतात आणि ते उतारही पाडतं, पण बायपासच्या जोडावर अशा औषधांनी अल्सर होऊ शकतो. पॅरासिटामॉल आणि इतर पर्याय असतात. स्लीव्हवाल्यांनीही या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

दुसरी: बऱ्याच दिवसांपासून उलट्या असतील तर ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून द्यावं. दोन-तीन आठवडे नीट खाल्लं गेलं नसेल तर अंगातला बी-१ चा साठा संपत येतो. अशा वेळी आधी ग्लुकोज गेलं तर उरलासुरला बी-१ त्यातच खर्ची पडतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची चिन्हं. वेळेवर दिलेलं थायमिन ही वेळच येऊ देत नाही. या कागदावरची सगळ्यात मोलाची ओळ हीच.

तिसरी: नाकातून पोटात नळी घालायची असेल तर अंदाजाने घालू नये, आतली रचना बदललेली आहे.

सोनोग्राफी आणि रक्ततपासणी

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जायचं असतं, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. साध्या पाण्याचे घोट घेतले तर चालतात का ते नंबर लावतानाच विचारा. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत सहज दिसतात. पित्ताच्या नळीतले बरेचदा सुटतात.

रिपोर्ट हातात आल्यावर या गोष्टी शोधा. पित्ताशयात ‘कॅल्क्युलस’ किंवा ‘कॅल्क्युलाय’ लिहिलं असेल तर खडे आहेत, ‘स्लज’ लिहिलं असेल तर गाळ आहे. भिंतीची जाडी ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त आणि शेजारी पाणी साठल्याचं लिहिलं असेल तर सूज असू शकते. तपासताना प्रोब दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, तेव्हा दुखून श्वास अडकला तर ‘मर्फी पॉझिटिव्ह’ अशी नोंद होते, तीही सुजेची खूण. शेवटी ‘सीबीडी’, म्हणजे पित्ताची मुख्य नळी. तिची रुंदी ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा चिंता नसते. ती फुगलेली असेल किंवा रक्तात बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं असेल, तर नळीत खडा असल्याचा संशय घेऊन एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, करतात. त्यात नळ्यांचं स्पष्ट चित्र मिळतं. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीपेक्षा जास्त वाढलं असेल तर स्वादुपिंडाला सूज आहे असं समजतात. म्हणून यकृताच्या तपासण्या, सीबीसी आणि लायपेज या तिन्ही एकाच वेळी द्या, पुन्हा सुई टोचायला नको.

खडे आहेत, पण दुखत नाही

बहुतेकांनी काही करायचं नाही. अर्सो चालू असेल तर ती ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, कळेची चिन्हं ओळखून ठेवा आणि आपल्या कामाला लागा.

या टप्प्यावर घरोघर उपाय सुचवले जातात. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं यांचं नाव मूतखड्यासाठी घेतलं जातं, पित्ताशयाचा मार्ग वेगळा आहे. सफरचंदाचा रस, लिंबू आणि वाटीभर ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पाडण्याचा’ उपाय तर मुळीच करू नका. दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे मऊ हिरवे गोळे पोटात तयार झालेल्या साबणाचे असतात. तेवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकसून खरा खडा नळीत ढकलला जाण्याची भीती मात्र खरी आहे. लहान झालेल्या पोटाला वाटीभर तेल सोसणार नाही, ते वेगळंच.

ऑपरेशनची वेळ आली तर

कळ एकदा आली आणि खडे सापडले, तर ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. मग दुर्बिणीने पित्ताशय काढणं हाच उपाय. सूज आली असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये, शक्यतो पहिल्या काही दिवसांत काढतात. महिनाभर थांबून पुन्हा झटका येऊ देण्यात फायदा नाही. स्वादुपिंडाची सौम्य सूज झाली असेल तर ती ओसरल्यावर घरी जाण्याआधीच पित्ताशय काढणं चांगलं. बायपासवाल्यांनी सर्जनला एक सांगून ठेवावं: ‘दुर्बीण आत जाईल तेव्हा आतड्यांच्या त्या फटीही बघून घ्याल का?’

नळीत अडकलेल्या खड्याचं मात्र वेगळं आहे. एरवी तो तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपीने काढतात. स्लीव्हनंतर ही वाट मोकळी असते, कारण पोट अरुंद झालं तरी रस्ता तोच राहतो. रू-एन-वाय बायपासनंतर तोंडातून गेलेली दुर्बीण नव्या वाटेने लांबच्या आतड्यात जाते आणि पित्तनळीच्या तोंडाशी पोचतच नाही. मिनी बायपासनंतरही हीच अडचण. मग बाजूला ठेवलेल्या जुन्या जठरात दुर्बिणीच्या ऑपरेशनने छिद्र करून तिथून ईआरसीपी करतात, किंवा फुगा असलेली लांब दुर्बीण वापरतात, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, म्हणजे सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीने, नव्या पोटातून जुन्या पोटात तात्पुरती वाट काढतात. कातडीतून थेट यकृतात नळी घालणंही जमू शकतं. यासाठी बेरिॲट्रिक सर्जन आणि अनुभवी गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट दोघेही एकाच ठिकाणी असावे लागतात. बऱ्हाणपूर-खंडव्याहून येणाऱ्यांनी म्हणूनच जवळच्या दवाखान्यात प्रथमोपचार झाल्यावर ‘इथे हे होतं का’ हे आधी विचारावं. पोटात दुखतंय, डोळे पिवळे आहेत, ताप आहे, अशा अवस्थेत दोन-तीन दवाखाने फिरण्यात जो वेळ जातो तो फार महाग पडतो.

खर्चाचं थोडक्यात. पित्ताशयाच्या खड्यांसाठी अनेक विमा पॉलिसींत वेगळा प्रतीक्षा काळ असतो. वजनाचं ऑपरेशन करण्याआधीच पॉलिसीचं ते पान उघडून बघा. आयुष्मान कार्ड असेल तर पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन त्यात बसतं. रुग्णालय योजनेत आहे का आणि मंजुरी कोण घेणार, हे भरती होतानाच काउंटरवर विचारा.

पित्ताशय काढल्यावर

गुंतागुंत नसेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. आठ-दहा दिवसांत बसून करायची कामं सुरू होतात, जड उचलणं चार-सहा आठवडे टाळायचं. पित्त आता थेंब-थेंब सतत आतड्यात उतरत राहतं, म्हणून तूप-तेल लागतंच, पण दिवसभरात थोडं थोडं विभागून. पहिले दोन आठवडे मऊ वरण-भात, ताक, दही, वाफवलेल्या भाज्या, अंड्याचा पांढरा भाग. मग पोहे, उपमा, एखादी चपाती. तळण महिनाभर नको. अर्सो बहुतेक बंद होते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, त्या वजनाच्या ऑपरेशनसाठी आहेत आणि कायम राहतील.

काही जणांना पित्ताशय काढल्यावर जेवणानंतर लगेच पातळ शौचाला जावं लागतं. बायपासवाल्यांना हे जास्त जाणवतं. चार आठवड्यांत कमी झालं नाही तर सांगा, पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड देतात. ती ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं आणि बाकीची औषधंही बांधून ठेवते. तेव्हा बाकीच्या गोळ्या पुडीच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्या, आणि पूड चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत डी जीवनसत्त्व बघायला लावा.